साडूची पॉलिसी

पिराजीच्या साडूने बुलेट घ्यायचं ठरवलं, ही बातमी सगळ्या घरादाराला कळून शिळी झाली तेव्हा कुठे पिराजीच्या कानावर आली. आधी कळली ती भालकीला, सासऱ्यांना. मग धाकटी मेव्हणी शिवलीला हिने ती आपल्या थोरल्या बहिणीला, म्हणजे पिराजीच्या बायकोला सांगितली. आणि चंपाने ती तीन दिवस पोटात ठेवून रविवारी दुपारी नवऱ्याचं जेवण झाल्यावर बाहेर काढली.

"तीन दिवस बोलली न्हाईस?" पिराजी म्हणाला.

"बोलले असते तर तीन दिवस तुम्हाला भाकर गोड लागली नसती," चंपा म्हणाली आणि ताट उचलून आत गेली.

ती खोटं बोलली असती तर पिराजीला भांडता तरी आलं असतं. तो हात धुऊन गॅलरीत जाऊन उभा राहिला. खाली त्याची जुनी मोपेड भिंतीला टेकून उभी होती. सीटवर पोत्याचा तुकडा बांधलेला, आरसा एकच. रोज बघायची गाडी, पण त्या दिवशी ती त्याला बघवेना.

साडू हे नातंच चमत्कारिक. भाऊ म्हणावं तर रक्त वेगळं, मित्र म्हणावं तर निवड आपली नाही. एकाच घरचे दोन जावई, एका पंगतीत शेजारी शेजारी बसायचे आणि वाढणारीचा हात कुणाच्या ताटावर जास्त वेळ थांबतो हे डोळ्याच्या कोपऱ्यातून बघत राहायचं. पिराजी गेली नऊ वर्षं हेच बघत आला होता, आणि त्याच्या हिशेबाने हात नेहमी नागराजच्या ताटावर थांबायचा.

खरं तर नागराजला बंगळूरला आणलं ते पिराजीनेच. पिराजी इथे एकोणीस वर्षं. शिवाजीनगरात बस स्टँडच्या मागच्या गल्लीत टायरच्या दुकानाला चिकटून त्याचा गाळा होता: एक टेबल, एक कॉम्प्युटर, गिऱ्हाइकासाठी दोन खुर्च्या. गाड्यांचा विमा उतरवायचा, आरसीवरचं मालकाचं नाव बदलून आणायचं, अशी कामं. नागराज लग्नानंतर आला तेव्हा सहा महिने पिराजीच्याच एका खोलीत, स्वयंपाकाच्या ओट्याखाली पाय घालून झोपायचा. पिराजीनेच त्याला मारतहळ्ळीच्या एका टेक पार्कात गेटवर उभं केलं. तो गेटवरून आत गेला, आतून वर गेला, आणि आता त्या सगळ्या इमारतीचे दिवे, पाणी, लिफ्ट सांभाळणाऱ्या माणसांवर सुपरवायझर झाला होता. राहायला लिफ्ट असलेल्या बिल्डिंगमध्ये भाड्याचा फ्लॅट. बरं, माणूस मिजासखोर असता तर पिराजीला सोपं गेलं असतं. पण नागराज अजूनही वाकून पाया पडायचा आणि 'अण्णा' म्हणायचा. चांगल्या माणसावर जळणं फार कष्टाचं काम असतं. आत जळायचं आणि वर हसायचं.

पगार, फ्लॅट, लिफ्ट यांचं पिराजीने कसंबसं गिळलं होतं. गिळता येत नव्हते ते सासरे, देवाप्पा. सासरे नागराजला "अरे नागराज" म्हणायचे, पाठीत थाप मारायचे, तंबाखूची पुडी त्याच्याकडून मागवायचे. पिराजीला मात्र "पिराजीराव, तुम्ही बसा." थोरल्या जावयाचा मान म्हणून पाट, मान म्हणून पहिला तांब्या, मान म्हणून दोन हात लांब. पोटचा पोर असल्यासारखं वागवलं ते धाकट्याला. पिराजीचा सासुरवाडीत भाव होता तो फक्त एका गोष्टीत. कुणाकडे कसलाही कागद आला, की देवाप्पा म्हणायचे, "पिराजीरावला इचारा. त्येंच्या हातचा कागद म्हणजे दगडावरची रेघ." तेवढ्या एका वाक्यावर पिराजीने नऊ वर्षं काढली होती.

आणि आता बुलेट. देवाप्पांच्या तरुणपणी भालकीत एकच बुलेट होती, फौजदाराची. ती चौकातून गेली की माणसं ओट्यावरून उठून उभी राहायची, ते फौजदारासाठी नाही तर त्या आवाजासाठी, असं सासरे सांगायचे. जन्मात एकदा तिच्यावर बसायचं राहिलं हे त्यांनी पिराजीसमोर दहादा बोलून दाखवलं होतं. दोन वर्षांपूर्वी ते बंगळूरला आले तेव्हा पिराजीने मोठ्या हौसेने मोपेडवर त्यांच्यासाठी उशी बांधली होती. "ऱ्हाऊ द्या पिराजीराव," सासरे म्हणाले, "गुडघे दुखत्यात." आणि रिक्षाने गेले. ती उशी सोडताना पिराजीला जे वाटलं होतं ते त्याने चंपालाही सांगितलं नव्हतं.

सोमवारी सकाळी नागराज कागद घेऊन गाळ्यावर आला. पार्कातला एक इंजिनियर परदेशी चालला होता, त्याची सहा वर्षं वापरलेली गाडी. आरसीवरचं नाव त्यानेच बदलून दिलं होतं, आणि आधीच्या मालकाचा विमा त्याच आठवड्यात संपला होता. नागराज खुर्चीच्या कडेला बसला.

"अण्णा, इन्शुरन्समध्ये काय काय घ्यावं लागतंय? मला त्यातलं काय कळत न्हाई. तुम्ही घालाल तसं."

हा प्रश्न पिराजीला दिवसातून चार वेळा ऐकू यायचा, आणि त्याचं उत्तर द्यायला त्याला आवडायचं. शिवाजीनगरात विम्याचे एजंट काही थोडे नव्हते. पण माणसं पिराजीकडे यायची ती याच उत्तरासाठी. तो कागदाच्या पाठीवर गाडी काढायचा, तिच्यासमोर एक माणूस काढायचा. तुमच्या गाडीनं या माणसाला लागलं, तर त्याची भरपाई देणारा तो थर्ड पार्टी विमा. तो कायद्यानं घ्यावाच लागतो. पण त्यातनं तुमच्या गाडीला एक रुपया मिळत नाही, ती आपटली, जळली, चोरीला गेली तरी. त्याला वेगळा विमा. गाडी चालवताना मालकालाच काही झालं तर घरच्यांना पंधरा लाख, तोही विमा सक्तीचा, फक्त आधीच कुठे काढलेला असेल तर सूट. आणि मागे बसणारा माणूस? नुसत्या थर्ड पार्टीत तो कुठंच नसतो. हे सगळं तो पानवाल्याला सांगायचा, रिक्षावाल्याला सांगायचा, कानडीत, हिंदीत, मराठीत सांगायचा.

त्या सोमवारी त्याने कागद पुढे ओढला नाही. रस्त्याच्या कडेला उभी असलेली बुलेट त्याला गाळ्यातून दिसत होती. टायरच्या दुकानातली माणसं काम सोडून तिच्याभोवती उभी होती. एकाने हँडलला हात लावून बघितला.

"कायद्याला लागतंय तेवढं पुरे," पिराजी म्हणाला.

"बस्स?"

"जुन्या गाडीला उगं कशाला जास्त."

"सरी, बरं अण्णा," नागराज म्हणाला. एवढंच. उलट प्रश्न केला असता तर पिराजी शरमला असता, आणि कदाचित कागद पुढे ओढलाही असता. पण नागराजने मान डोलावली, आणि पिराजीने फक्त थर्ड पार्टीवर बोट ठेवलं. मनात आलं ते अगदी स्पष्ट आलं: पहिला ओरखडा पडू दे, आरसा फुटू दे, मग खिशातनं भर. बुलेट परवडते ना?

पुढच्या पानावर कॉम्प्युटरने विचारलं: मालकाचा अपघात विमा आधीपासून आहे का? पिराजीने तोंड उघडून तोच प्रश्न समोरच्याला विचारायचा होता. समोर, हातभर अंतरावर माणूस बसला होता. पण पिराजीने मनातल्या मनात उत्तर देऊन टाकलं. टेक पार्क. सुपरवायझर. याच्याकडे नाही असं काही असतं का? सगळं मिळतं ते यालाच. असणारच. आणि त्याने 'आहे' वर दाबलं. मागे बसणाऱ्याचा प्रश्न तर त्याने वाचलाही नाही.

नागराज ठेकेदाराच्या पगारावर होता आणि ठेकेदार कसले विमे उतरवतात हे न कळण्याइतका पिराजी नवखा नव्हता. पण हेव्याला हिशेब येत नाही. त्याला दुसऱ्याचं सगळं भरलेलंच दिसतं.

कागद छापून झाला. नागराजने तो घडी न करता प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवला, वाकून पाया पडला, आणि बुलेट सुरू केली. सगळ्या गल्लीने मान वळवली. पिराजीने कॉम्प्युटरकडे तोंड केलं. दिवसभर त्याला बरं वाटत होतं, आणि का बरं वाटतंय हे तो स्वतःला विचारत नव्हता.

ते बरं वाटणं दहा दिवस टिकलं. अकराव्या दिवशी सासऱ्यांचा फोन आला.

"पिराजीराव, म्या शनवारी यायलोय तिकडं. नागराज म्हणतोय, गाडीवर सिद्धगंगेच्या मठाला न्हेतो. तुमकूर लांब हाय का हो?"

"सत्तर किलोमीटर, मामा. हायवे हाय, लॉऱ्या असत्यात," पिराजी म्हणाला. मग न राहवून म्हणाला, "गुडघे दुखत्याल की तुमचे."

"बुलेटवर पाय लांब सोडून बसता येतंय म्हणं," देवाप्पा खुशीत म्हणाले. "उतरतो बी तिकडंच, मारतहळ्ळीला. रविवारी पहाटं निघायचं हाय. तुमच्याकडं सोमवारी येतो भेटायला."

सोमवारी. भेटायला. पाहुणा शेजारच्या घरी जेवून आपल्याकडे पान खायला येतो, तसं. पिराजीने फोन ठेवला तेव्हा त्याचे कान तापले होते. एकोणीस वर्षं या गावात काढली त्याने, सासऱ्यांच्या मोतिबिंदूचा दवाखाना त्याने शोधला, तिकिटं त्याने काढली, आणि उतरायचं कुठे तर ज्याच्या दारात बुलेट आहे तिथे. चंपाने विचारलं, कुणाचा फोन? तर म्हणाला, कुणाचा नाही.

रागाच्या पहिल्या भरात त्याला विम्याचं आठवलंच नाही. आठवलं ते संध्याकाळी, शटर ओढताना. लॉऱ्या असत्यात, असं आपणच म्हणालो. नागराज पुढे, सासरे मागे. पुढच्यासाठी कागदावर 'आहे' असं लिहिलंय ते आपण लिहिलंय, त्याने नाही. आणि मागच्यासाठी तर काहीच लिहिलेलं नाही. सत्तर किलोमीटरात काही झालं, तर शिवलीला कुणाचा कागद घेऊन कुठल्या ऑफिसात उभी राहणार होती, हे त्या गल्लीत फक्त पिराजीला माहीत होतं.

दुरुस्त करणं अवघड नव्हतं. गाडीच्या नुकसानीचा आणि मालकाच्या अपघाताचा विमा वेगळा घेता येतो. मागच्याचाही जोडता येतो. गाडी समोर उभी करून चारी बाजूंनी फोटो काढायचे, अर्ध्या तासाचं काम. पण त्यासाठी नागराजला फोन करून सांगायला लागलं असतं की माझ्या हातून अर्धा विमा राहिला. आणि कागदातली चूक पिराजीची, हे भालकीला कळलं असतं. एवढी एकच गोष्ट त्याच्याकडे होती आणि तीही नागराजच्याच पुढ्यात टाकायची, हे त्याच्याने होईना. शुक्रवारी त्याने दोनदा फोन हातात घेतला आणि दोनदा ठेवला. दुसऱ्यांदा ठेवताना तर त्याने स्वतःची समजूतही घातली: इतके लोक नुसत्या थर्ड पार्टीवर फिरतात, सगळे काय मरतात?

शनिवारी दुपारी जमनाबाई आली. निपाणीची बाई, शिवाजीनगरात खानावळ चालवायची. मुलीला कॉलेजला जायला स्कूटर घेतली होती, नवी नाही, वापरलेली. ती खुर्चीवर बसली आणि पदराने घाम पुसला.

"अण्णा, मला स्वल्प समजावून सांगा. तो पलीकडचा एजंट म्हणतोय, कमीतला घ्या, पोलिसाला दाखवायला पुरतो."

पिराजीने सवयीने कागद पुढे ओढला. स्कूटर काढली, समोर माणूस काढला. सांगत सांगत तो मागे बसणाऱ्यापाशी आला. स्कूटरच्या मागच्या सीटवर त्याने एक आकृती काढली आणि तिच्याभोवती पेन्सिलने वर्तुळ केलं.

"नुसत्या थर्ड पार्टीत ह्याला काय मिळत न्हाई, जमनाबाई. तुमची पोरगी चालवणार आणि मागं तुम्हीच बसणार. तवा हे घ्याच."

"आणि पलीकडचा हे सांगतच नाही की हो," जमनाबाई म्हणाली. "माहीत असून सांगत नाही म्हणजे काय म्हणायचं ह्या माणसाला?"

पिराजीने ते वर्तुळ पुन्हा एकदा गिरवलं.

"मला काय ते बाकीचं कळत नाही," ती म्हणाली. "तुमच्या घरच्या गाडीला जे घातलंय, तेच मला घाला."

हे वाक्य प्रत्येक गिऱ्हाईक बोलतं. डॉक्टरला बोलतं, दुकानदाराला बोलतं, एजंटला बोलतं. पिराजीने ते हजारदा ऐकलं होतं आणि दर वेळी खुशीने मान डोलावली होती. आज त्याची मान हलेना. जमनाबाईचं काम त्याने नीट केलं, दोनदा तपासलं, कधी नव्हे ते तिला दारापर्यंत सोडायला गेला. परत येऊन बसला तर कागदावर ती मागच्या सीटवरची आकृती तशीच होती, वर्तुळात.

रविवारी पहाटे साडेपाचला त्याने मोपेडला लाथ मारली. चंपा दारात येऊन उभी राहिली. "मामांना भेटून येतो," तो म्हणाला. तिने त्याच्याकडे जरा जास्त वेळ बघितलं आणि नुसतं "बरं" म्हणाली.

वाटभर त्याने वाक्य जुळवलं. चूक असं म्हणायचं नाही. 'कंपनीचा नवा नियम आलाय, फोटो लागत्यात' असं म्हणायचं. अर्धा तास थांबवायचं, काम उरकायचं, पैसे आपल्या खिशातून भरायचे, आणि कुणाला काही कळायच्या आत सगळं जिथल्या तिथे. चोराने माल परत ठेवायला जावं आणि तिथेही दार न वाजवता शिरावं, असा हा सगळा बेत होता.

मारतहळ्ळीला पोचला तेव्हा खाली पार्किंगमध्ये मंडळी तयार होती. बुलेट धुऊन पुसून उभी, हँडलला झेंडूची माळ, दोन्ही चाकांखाली लिंबं. देवाप्पा पांढऱ्याशुभ्र धोतरात, कपाळाला विभूती, काखेत हेल्मेट. सत्तरीचा माणूस लग्नाला निघाल्यासारखा दिसत होता. आणि नागराज त्यांच्या पायाशी बसून, धोतराचा सोगा चाकात जाऊ नये म्हणून तो नीट खोचून देत होता. सासऱ्यांनी तोल सांभाळायला हात ठेवला होता तो नागराजच्या डोक्यावर.

ते बघितलं आणि पिराजीच्या काळजाला पुन्हा आग लागली. ज्या माणसासाठी तो पहाटे उठून आला होता, त्याच माणसाला बघून क्षणभर त्याला वाटलं, जाऊ दे, जाऊ देत दोघं, आपलं काय. एवढं वाटलं आणि तो स्वतःलाच भ्याला.

"या पिराजीराव," देवाप्पा म्हणाले. "बरं झालं आलाव. शिवलीला भ्यायलीय. म्हणतीय, अप्पा, ह्या वयात कशाला? म्या म्हणलं, पोरी, कागद कुणी केलाय? पिराजीरावनं. मग भ्यायचं काय कारण? नुसत्या नागराजच्या भरवशावर म्या बसलो असतो व्हय गाडीवर?"

ते हसले. नागराजही हसला. पिराजीला हसता आलं नाही. नऊ वर्षं ज्या शब्दांसाठी तो आसुसला होता ते आज, या पार्किंगमध्ये, नागराजच्या देखत सासऱ्यांनी उच्चारले होते, आणि ते घ्यायला त्याचे हात रिकामे नव्हते.

"नागराज, जरा इकडं ये," तो म्हणाला. "कंपनीचा नवा नियम आलाय. फोटो लागत्यात गाडीचे."

नागराज उठला, हात झटकले, आणि लिफ्टच्या बाजूला त्याच्याबरोबर गेला. तिथून सासऱ्यांना ऐकू जात नव्हतं.

"कसले फोटो, अण्णा?"

"इन्शुरन्सचे. थोडं वाढवायचंय त्यात. गाडीचं, तुझं, मागं बसणाऱ्याचं. अर्ध्या तासाचं काम हाय. तवर निघू नको."

नागराजने खिशातून फोन काढला, काहीतरी उघडलं आणि पिराजीच्या हातात दिला. पिराजीने बघितलं. गाडीच्या नुकसानीचा विमा. मालकाच्या अपघाताचा. मागे बसणाऱ्याचा. तिन्ही नागराजच्या नावावर. आणि तारीख, पिराजीच्या कागदाच्या दुसऱ्या दिवसाची.

"आमच्या ऑफिसात श्रीरंग म्हणून एक पुण्याचा पोरगा हाय," नागराज हळू आवाजात म्हणाला. "त्याला कागद दाखवला, सहज, गाडी घेतली म्हणून. तो म्हणला, हे अर्धंच हाय. कुणी केलं? म्या म्हणलं, माझं मीच केलं ऑनलाइन, मला कळलं न्हाई. मग त्यानंच बसून हे काढून दिलं."

"मला का बोलला न्हाईस?"

"तुम्हाला काय बोलायचं," नागराज म्हणाला. "चुकून ऱ्हायलं आसल. घरी कुणाला सांगितलं न्हाई, अण्णा. शिवलीलाला बी न्हाई."

दार उघडं होतं. चुकून राहिलं, असं म्हणायचं आणि बाहेर पडायचं. नागराजने ते वाक्य स्वतः तयार करून, पुसून, पाटावर मांडून ठेवलं होतं. पिराजीने फक्त हो म्हणायचं होतं. सासऱ्यांचा विश्वास शाबूत, भालकीत नाव शाबूत. दगडावरची रेघ जशीच्या तशी. आणि पिराजी हो म्हणणारही होता. पण हेही याच्याकडूनच घ्यायचं? नऊ वर्षं ज्याच्या ताटाकडे डोळे लावून काढली, त्याच्याकडून आता आपली अब्रूही उष्टी घ्यायची? ती त्याच्या घशाखाली उतरेना.

"चुकून न्हाई ऱ्हायलं," पिराजी म्हणाला.

लिफ्ट वर कुठेतरी थांबल्याचा आवाज आला. नागराजने फोन परत घेतला, खिशात ठेवला.

"ठाव हाय, अण्णा," तो म्हणाला. आवाजात राग नव्हता, आणि गोडवाही नव्हता. "तुमच्या हातनं चुकून काय ऱ्हात न्हाई. सगळ्या शिवाजीनगराला ठाव हाय ते."

तो वळला. दोन पावलं गेला आणि थांबला, पण मागे बघितलं नाही. "तुम्ही मला ओट्याखाली जागा दिली तवा काय इचारलं नव्हतं, किती दिवस म्हणून," तो म्हणाला. "ते फिटलं म्हणा. पुढल्या वर्षीचा कागद मात्र म्या दुसरीकडं करीन."

"नागराज, ऊन व्हायलंय," तिकडून देवाप्पांनी हाक मारली.

नागराज गाडीवर बसला. देवाप्पा मागे चढले, पाय लांब सोडले, आणि खरंच त्यांचे गुडघे दुखत नव्हते. हेल्मेटचा पट्टा त्यांना लागेना. पिराजी पुढे झाला आणि त्यांच्या हनुवटीखाली तो लावून दिला. "घट्ट करा, पिराजीराव," सासरे म्हणाले, आणि त्याच्या हातावर थाप मारली, अगदी तशी, जशी ते नागराजच्या पाठीत मारायचे.

चाकांखाली लिंबं फुटली. बुलेट गेटमधून बाहेर पडली, आणि वॉचमनने मान वळवून बघितलं.

वरून शिवलीलाने चहाला बोलावलं. येतो, म्हणून पिराजी तिथेच उभा राहिला. बुलेटचं त्याला काही वाटत नव्हतं. पगाराचं, फ्लॅटचं, सासऱ्यांच्या थापेचंही नाही. पण बारा दिवस हा माणूस तेवढं मोठं गुपित खिशात घालून फिरला, आपल्याशी फोनवर बोलला, अण्णा म्हणाला, आणि घरात अवाक्षर काढलं नाही, याचा त्याला हेवा वाटला. त्याच्या जागी आपण असतो तर? पिराजीला उत्तर शोधावं लागलं नाही. दुसऱ्याच दिवशी सगळ्या भालकीला कळलं असतं.